रविवारनंतर सोमवारच का: चोवीसला सातने भागून पाहा

इतवारीतल्या एका शाळेत सातवीला भूगोल शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. सूर्यमाला शिकवताना एका मुलीने विचारलं, "बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ असा क्रम आहे, तर आठवड्यात सोमनंतर मंगळ आणि मंगळनंतर बुध कसा?" ताईंना उत्तर सुचलं नाही. त्याच दिवशी त्यांच्या मोबाइलवर एक मजकूर आला. सात वार आपल्या ऋषींनी वेदकाळात जगाला दिले, इंग्रजांचा 'अवर' हा आपल्या 'होरा'वरून आला आणि 'होरा' हा 'अहोरात्र'चा मधला तुकडा, असं त्यात लिहिलेलं. यातलं खरं काय आणि वर्गात काय सांगू, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तीस-पस्तीस वर्षं मी पंचांगाचं गणित करतो आहे. जुन्या कागदांवरच्या मित्या तपासून देणं हाही माझ्या कामाचा भाग आहे. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्या मजकुरापेक्षा फार मोलाचा आहे, म्हणून आधी तिचं उत्तर.

वारांच्या क्रमात ग्रहांचं सूर्यापासूनचं अंतर कुठेच येत नाही. क्रम ठरवणाऱ्यांनी पृथ्वीवर उभं राहून आकाशाकडे पाहिलं आणि कोण किती सावकाश चालतो ते मोजलं. राशिचक्राची एक फेरी करायला शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला जवळपास १२, मंगळाला दोनाला थोडी कमी, सूर्याला एक. शुक्र आणि बुध सूर्याला सोडून फार लांब जात नाहीत, पण त्यांची स्वतःची आवर्तनं २२५ आणि ८८ दिवसांची. चंद्राला सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित जास्त. म्हणून सगळ्यांत मंद ते सगळ्यांत जलद अशी ओळ लागते: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. चंद्रानंतर पुन्हा शनी.

आता दिवस-रात्र मिळून २४ भाग करा. प्रत्येक भागाला होरा म्हणतात. प्रत्येक होरेवर या ओळीतला एकेक ग्रह बसवत जा, आणि सूर्योदयाच्या पहिल्या होरेवर जो ग्रह येईल त्याचंच नाव त्या दिवसाला द्या. रविवारी पहिली होरा रवीची, दुसरी शुक्राची, तिसरी बुधाची, चौथी चंद्राची, मग शनी, गुरू, मंगळ. आठवी पुन्हा रवीची, पंधरावी रवीची, बाविसावी रवीची. तेविसावी शुक्राची, चोविसावी बुधाची. दिवस संपला. उद्याच्या सूर्योदयाला येतो चंद्र, म्हणून सोमवार. चोवीसला सातने भागलं की बाकी तीन उरते, त्यामुळे रोज तीन ग्रह ओलांडून चौथा ग्रह दिवसाचा धनी होतो. चंद्रापासून चौथा मंगळ, मंगळापासून चौथा बुध, बुधापासून गुरू, गुरूपासून शुक्र, शुक्रापासून शनी आणि शनीपासून परत रवी. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास हा नियम एका आर्येत बांधून ठेवला आहे: शनीपासून क्रमाने शीघ्र होत जाणारे हे सात होरेश, म्हणजे होरेचे स्वामी, आणि शीघ्रक्रमाने प्रत्येक चौथा तो सूर्योदयापासून दिनपती. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातही हाच नियम आहे. राहू-केतूंना वार का नाहीत, तेही यातून कळतं. या सात जणांच्या वेगाच्या ओळीत त्यांना जागाच नाही.

वार कुठून आले याचा सगळ्यांत बोलका पुरावा याच बाकीत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. आपली जुनी कालमापनं कोणती? दिवस-रात्रीच्या ६० घटी आणि ३० मुहूर्त. होरा म्हणजे अडीच घटी. ज्या परंपरेत साठ आणि तीस रुळलेले आहेत, तिने वार स्वतः घडवले असते तर अडीच घटींचं माप कशाला घेतलं असतं? करून पाहा. तीस मुहूर्तांवर हेच ग्रह बसवले तर बाकी दोन उरते आणि रविवारनंतर बुधवार येतो, बुधनंतर शनी. साठ घटींवर बसवले तर बाकी चार, आणि रविवारनंतर शनिवार, मग शुक्र, गुरू, बुध, मंगळ, सोम. सगळा आठवडा उलटा धावतो! कुणी म्हणेल, ग्रहांची ओळ चंद्रापासून वर शनीकडे घेतली तर साठ घटींवरही आजचाच क्रम येतो. गणित म्हणून ते बरोबर आहे आणि ते लपवू नये. पण आर्यभट आणि सूर्यसिद्धांत दोघेही शनीपासूनच मोजतात, आणि आर्यभट तर त्या सातांना 'होरेश' म्हणतो, घटीचे स्वामी म्हणत नाही. आपल्या आचार्यांनी स्वतः दिलेली पद्धत बाजूला सारून दुसरी त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही.

आता वेदकाळाचं. वेदांगज्योतिष या आपल्या सर्वांत जुन्या कालगणनेच्या ग्रंथात तिथी आहेत, नक्षत्रं आहेत, पाच वर्षांचं युग आहे, वार नाहीत. यज्ञसत्रांत सहा-सहा दिवसांचा 'षडह' आहे, सात वारांचं चक्र नाही. अशोकाच्या स्तंभलेखांत कोणत्या दिवशी प्राणिहत्या करू नये याची यादी आहे. त्यात तिष्य आणि पुनर्वसू नक्षत्रं आहेत, चतुर्दशी-पंचदशी आहेत, वार एकही नाही. नाशिकच्या लेण्यांतले सातवाहनांचे लेख ऋतू, त्यातला पक्ष आणि दिवसाचा आकडा देतात.

आपल्या दाराशीच पाहा. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने तिथून दिलेला एक ताम्रपट पुढे पुण्यात सापडला. त्यावर राज्यवर्ष १३, कार्तिक शुक्ल द्वादशी अशी मिती आहे. प्रबोधिनी एकादशीच्या दुसऱ्या दिवसाचं ते दान. वर्ष, महिना, पक्ष, तिथी सगळं काटेकोर, आणि वाराचा पत्ता नाही. आज साधी लग्नपत्रिकाही वाराशिवाय छापत नाहीत, आणि राजघराण्याचं दानपत्र वाराशिवाय पूर्ण मानलं जात होतं. वाकाटकांचे लेख संपादित करणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपूरचेच. तुमच्या मुलांना हे आवर्जून सांगा.

वार असलेला आपल्याकडचा सर्वांत जुना निश्चित लेख सागर जिल्ह्यातल्या एरणच्या स्तंभावर आहे. गुप्त घराण्यातल्या बुधगुप्त राजाचा काळ, गुप्त संवत् १६५, आषाढ शुक्ल द्वादशी, आणि पुढे 'सुरगुरूचा दिवस', म्हणजे गुरुवार. इंग्रजी तारीख २१ जून ४८४. मी ती स्वतः मोजून पाहिली आहे, गुरुवारच येतो. त्यानंतर पंधरा वर्षांनी आर्यभटाचा ग्रंथ.

मग हे आलं कुठून? एका गावात, एका माणसाच्या डोक्यातून आलेलं हे काम नाही. ग्रहांचे वेध शतकानुशतकं नोंदवून ठेवले ते बाबिलोनच्या लोकांनी. त्यांच्याकडे महिन्याचा ७वा, १४वा, २१वा, २८वा दिवस अशुभ असे, पण नवा महिना लागला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे तो अखंड आठवडा नव्हता. दिवस-रात्रीचे चोवीस भाग केले इजिप्तने, पण इजिप्तचा स्वतःचा आठवडा दहा दिवसांचा! सात दिवसांचं न तुटणारं चक्र ज्यूंचं, त्यात ग्रह नव्हते. पहिला दिवस, दुसरा दिवस असे आकडे आणि शेवटी विश्रांतीचा शब्बाथ. ग्रीक विद्या इजिप्तमध्ये रुजली त्या काळात बाबिलोनचे ग्रह आणि इजिप्तचे तास एकत्र आले आणि त्यातून वारांचा क्रम निघाला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या एका भिंतीवर शनीपासून सुरू होणारी दिवसांची यादी खरडलेली सापडली आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा रोमन इतिहासकार डियो कॅसियस हाच चोवीस तासांचा हिशेब सांगतो आणि त्याचं श्रेय इजिप्तच्या लोकांना देतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून रोमन व्यापार चालू असण्याचा काळही हाच. माल आला, माणसं आली, त्यांच्याबरोबर विद्याही आली.

'होरा'विषयी. अहोरात्र शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून 'होरा' झाला, ही व्युत्पत्ती सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर याच्या ग्रंथात आहे हे खरं. पण त्याची शब्दयोजना पाहा. तो 'एके' म्हणतो, म्हणजे 'काही जण असं मानतात'. दुसऱ्यांचं मत म्हणून त्याने ते नोंदवलं. ग्रीकमध्ये 'होरा' हा ऋतू, वेळ या अर्थाचा फार जुना शब्द आहे आणि इंग्रजी 'अवर' लॅटिनमार्गे तिथूनच आला. शिवाय तो आपल्याकडे एकटा आलेला नाही. केंद्र, लिप्ता, द्रेष्काण, जामित्र, पणफर, आपोक्लिम हे सगळे ज्योतिषातले शब्द ग्रीकच. आज आपण 'केंद्र सरकार' म्हणतो तेव्हाही तोच शब्द तोंडी असतो. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य आहेत, हे वचनही वराहमिहिराने देऊन ठेवलं आहे. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव घेण्यात त्याला संकोच नव्हता. आपण ते नाव पुसलं तर वराहमिहिराचाच अपमान होतो, असं मला मनापासून वाटतं.

इथून पुढे हेच ज्ञान आपल्या हातून पूर्वेकडे गेलं. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध आचार्याने चिनी भाषेत नेलेल्या ग्रंथांत सात ग्रहांचे वार आहेत, आणि जपानी लोक आजही सूर्य, चंद्र, अग्नी, जल, काष्ठ, सुवर्ण, माती अशी वारांची नावं घेतात. अग्नी म्हणजे त्यांचा मंगळ, जल म्हणजे बुध. क्रम तोच, बाकी तीनच.

नावांचं म्हणाल तर आपलं नागपूर हा वारांचा उघडा कोशच आहे. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी: ज्या वारी बाजार भरे त्याचं नाव वस्तीला चिकटलं. तुमची शाळा आहे ती इतवारी म्हणजे आदित्यवार. आदित्यवारचा प्राकृतात आइच्चवार झाला, हिंदीत इतवार, मराठी खेड्यांत आइतवार, कोकणीत आयतार. रविवार हा शब्द पुस्तकी अंगाने रुळला, बोलीत आदित्यच टिकला. गुरुवारला खेड्यातली म्हातारी माणसं बेस्तरवार म्हणतात, तो बृहस्पतिवार. आणि आपला शुक्रवारी तलाव! त्यालाच जुम्मा तलाव म्हणतात, आता गांधीसागर. जुमा म्हणजे अरबीत एकत्र जमण्याचा, सामुदायिक नमाजाचा दिवस. एकाच पाण्याला एकाच दिवसाची दोन नावं: एक ग्रहावरून आलेलं, दुसरं माणसं जमतात त्यावरून. फारसीत तर शंबे, यकशंबे, दोशंबे अशी नुसती मोजणी चालते. त्यातला 'शंबे' हा ज्यूंचा शब्बाथ. पोर्तुगीजही सोमवारला 'दुसरा' म्हणतात. तमिळमध्ये मंगळवार 'सेव्वाय', त्यात लाल रंग आहे, आणि शुक्रवार 'वेळ्ळि', त्यात पांढरा, रुपेरी. इंग्रजांनी मंगळ, बुध, गुरू, शुक्र यांच्या जागी आपल्या जुन्या देवदेवता बसवल्या, शनीला मात्र हात लावला नाही.

मग सात दिवसांच्या चक्राला मराठीत 'आठवडा' का? वर्गात हे नक्की विचारा, मुलं चमकतील. बाजाराच्या दिवसापासून बाजाराच्या दिवसापर्यंत दोन्ही टोकं धरून मोजलं की आठ होतात. आपण म्हणतो, "आठ दिवसांनी ये," आणि सोमवारी सांगितलेला माणूस बरोबर पुढच्या सोमवारी येतो. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि पंधरवड्याला 'पंधरा दिवस' म्हणतात. आणि ग्रहांचे वार येण्यापूर्वी रोमन लोकांचा बाजार खरोखरच दर आठव्या दिवशी भरे. तेही दोन्ही टोकं धरून मोजत, म्हणून त्या बाजाराच्या नावात नऊचा आकडा आहे. हप्ता हा शब्द फारसी 'हफ्त'वरून, म्हणजे सातवरून. कर्जाचा हप्ता महिन्याने येऊ लागला तरी शब्द राहिला.

माझ्या कामात वाराची खरी किंमत अशी, की तो तुटत नाही. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक महिना येतो, पण वार एकापुढे एक चालतच राहतो. युरोपात १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला, तेव्हाही गुरुवारनंतर शुक्रवारच आला. फ्रान्सने क्रांतीनंतर दहा दिवसांचा आठवडा केला, सोव्हिएत रशियाने १९२९ पासून पाच आणि मग सहा दिवसांचा. दोन्हीकडे पुन्हा सातवर यावं लागलं. म्हणूनच जुन्या मोडी कागदावर तिथी आणि वार दोन्ही असले की मी आधी वार तपासतो. तो जुळला नाही तर मिती वाचताना चूक झाली आहे, किंवा कागदातच काही काळंबेरं आहे.

तपासायची रीत मुलांनाही जमेल. आपल्या गणितात कलियुगारंभ शुक्रवारी धरतात. तिथून आजपर्यंतचे गेलेले दिवस म्हणजे अहर्गण. त्याला सातने भागा आणि बाकी शुक्रवारपासून पुढे मोजा. दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस घ्या. अहर्गण १८,४७,२९५. सातने भागून बाकी २. शुक्र सोडून शनी एक, रवी दोन. रविवार. त्या दिवशी रविवारच होता, हे नागपुरात घरोघरी ठाऊक आहे. सीताबर्डीच्या लढाईचा २६ नोव्हेंबर १८१७ घ्या. अहर्गण १७,९६,५६९, बाकी ५, म्हणजे बुधवार.

या लढाईवरून एक गोष्ट समजावता येते, जिच्यापायी घराघरांत घोळ होतात. ती लढाई २६ तारखेच्या संध्याकाळी पेटली, रात्रभर चालली आणि २७ तारखेला संपली. पहाटे तीनला उडालेली तोफ कोणत्या वारी उडाली? इंग्रजी कागदांत गुरुवारी, कारण त्यांचा दिवस मध्यरात्री बदलतो. पंचांगात बुधवारी, कारण आपला वार सूर्योदयाला बदलतो. पहिली होरा सूर्योदयाचीच, हे वर पाहिलंच. मुस्लिम आणि ज्यू परंपरेत सूर्यास्ताला दिवस बदलतो. मोमिनपुऱ्यात गुरुवारला जुमेरात म्हणतात ती याचीच खूण. जुम्याची रात्र आपल्या गुरुवारी संध्याकाळीच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी एक आई-वडील दोन पत्रिका घेऊन आले होते. मुलाचा जन्म पहाटे पाचला, थंडीच्या दिवसांत. एका पत्रिकेत मंगळवार, दुसरीत बुधवार. मंगळवारचा मुलगा म्हणून एका स्थळाने नकार दिलेला, आणि आई अक्षरशः रडवेली झालेली. जन्मदाखल्यावर बुधवार होता, तो दाखल्याच्या रीतीने बरोबर. पंचांगाने मंगळवार, तोही बरोबर, कारण जानेवारीत नागपूरला सूर्य पावणेसात वाजून गेल्यावर उगवतो. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवून हे समजावलं. वारावरून 'मंगळ' लागत नाही, तो कुंडलीतल्या मंगळाच्या स्थानावरून पाहतात, हेही सांगितलं. त्या बाईंना किती महिने नाहक घोर लागला होता, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आणखी एक खबरदारी. भिंतीवरचं पंचांग मुंबईसाठी केलेलं असेल तर त्यातला सूर्योदय नागपूरला लावू नका. आपण मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहोत, त्यामुळे सूर्य आपल्याकडे सरासरी २५ मिनिटं आधी येतो. जन्म त्या २५ मिनिटांतला असेल तर वारच बदलतो. नागपूरचा सूर्योदय घ्या, जूनमध्ये साडेपाचच्या आसपास, आणि मगच वार लिहा.

वर्गासाठी एवढंच करा. सात पुठ्ठ्यांवर शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र लिहून सात मुलांना याच क्रमाने गोल उभं करा. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला रवीचा पुठ्ठा द्या. तिच्यापासून एक म्हणत मोजायला लावा, आणि पंचविसाव्याला जो उभा असेल त्याला मोठ्याने आपलं नाव सांगू द्या.